निर्यातीची पत

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत द्राक्ष आणि कांदा ही दोन्ही पिके अनेकदा एकाच शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असतात. माती तीच, राबणारे हात तेच, कर्ज देणारी सोसायटी तीच आणि माल देशाबाहेर जाण्याचे मुख्य बंदरही तेच, न्हावाशेवाचे. तरीही परदेशी बाजारात या दोन पिकांचे नशीब सारखे नाही. द्राक्षाने गेल्या तीन दशकांत युरोपातल्या चोखंदळ सुपरमार्केटांत जागा मिळवली आणि दोन मोठे फटके सोसूनही ती टिकवली. कांद्याला शेजारच्या देशांत हक्काचे गिऱ्हाईक आहे. पण यंदा भारत माल देईल की हंगामाच्या मध्यावर दार लावून घेईल, याची धास्ती त्या गिऱ्हाइकाला दर पावसाळ्याच्या अखेरीस वाटते. एकाच गावातल्या एकाच शेतकऱ्याच्या दोन पिकांत एवढे अंतर का पडले, याचे उत्तर शोधताना विकसनशील देशांच्या निर्यातीचे एक मूलभूत दुखणे हाती लागते. या देशांकडे माल असतो, मेहनत असते, पुष्कळदा स्वस्ताईही असते. त्यांच्याकडे सर्वांत दुर्मीळ असते ती पत, आणि ती पत बहुतेक वेळा त्यांचे स्वतःचेच सरकार उधळते.

निर्यातीवरची अर्थशास्त्रीय चर्चा बराच काळ 'काय विकावे' या प्रश्नाभोवती फिरत राहिली. १९५० मध्ये राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी स्वतंत्रपणे मांडले की, शेतमाल आणि खनिजे विकून यंत्रे विकत घेणाऱ्या देशांच्या मालाचा भाव कारखानी मालाच्या तुलनेत हळूहळू घसरत जातो. या मांडणीचा प्रभाव लॅटिन अमेरिकेइतकाच भारताच्या नियोजनावरही पडला. पुढे दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी निर्यातीच्याच जोरावर औद्योगिक झेप घेतली, १९८६च्या 'दोई मोई' सुधारणांनंतर व्हिएतनामही त्याच वाटेने गेला, आणि निर्यातीविषयीची निराशा मागे पडली. या सगळ्या वादात एक साधा प्रश्न मात्र नेहमी कडेला राहिला: खरेदीदाराने आपल्यावर भरवसा का ठेवावा? परदेशी आयातदार फक्त आजचा भाव पाहत नाही. जहाजावरची जागा, शीतगृह, परवाने, दुकानदारांना दिलेला शब्द ही सगळी गुंतवणूक तो पुढच्या हंगामाचा माल येणार या गृहीतावर करतो. ते गृहीत डळमळीत असेल, तर तो दुसरा पुरवठादार हाताशी ठेवतो आणि आपल्याला भाव देताना ती जोखीम कापून घेतो. एरवी परवडणारा माल अशा वेळी कितीही स्वस्त दिला, तरी तो गरजेपुरताच उचलला जातो.

द्राक्षाची पत कशी उभी राहिली ते पाहण्यासारखे आहे. १९९१ मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' स्थापन केली. एकेकट्या शेतकऱ्याला न परवडणारी प्री-कूलिंगची आणि शीतगृहांची सोय उभी राहिली, युरोपात काय चालते आणि काय नाकारले जाते याची माहिती बांधापर्यंत पोहोचली. पहिला मोठा झटका २००३ मध्ये बसला. नेदरलँड्समध्ये पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेहून अधिक आढळले. त्या वेळी युरोपवर पक्षपाताचा आरोप करून मोकळे होणे सोपे होते. तसे न करता 'अपेडा' ही निर्यात विकास संस्था, पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, राज्याचे कृषी खाते आणि बागायतदार यांनी मिळून उर्वरित अंशांवर देखरेख ठेवणारी व्यवस्था बसवली. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी होऊ लागली. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा प्लॉटवरून नमुना घेणार, अहवाल निर्दोष असेल तरच माल पॅकहाऊसकडे जाणार, आणि पेटी कोणत्या बागेतून आली हे शेवटपर्यंत सांगता येणार, असा क्रम ठरला. २००६च्या सुमारास 'ग्रेपनेट' या संगणकीय प्रणालीने हे सगळे एका साखळीत जोडले.

दुसरा फटका याहून जबर होता. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपात आढळले. बागायतदार सीसीसी या नावाने ते वर्षानुवर्षे वापरत होते आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. माल बंदरांत अडकला, भाव कोसळले, अनेक बागायतदार कर्जाच्या ओझ्याखाली गेले. पण प्रतिसाद पुन्हा तोच राहिला: यादी सुधारली, तपासणी कडक झाली आणि पुढच्या हंगामात नव्या नियमांनी माल निघाला. मोहाडीची सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची मोठी कंपनी याच दशकात वाढली, हा योगायोग म्हणता येणार नाही. नियम अवघड होते, खर्चिक होते, पण ते आधीपासून माहीत होते. अवघड नियमाशी शेतकरी जुळवून घेऊ शकतो. रात्रीतून बदलणाऱ्या नियमाशी जुळवून घेण्याचा मार्गच नसतो.

आता कांद्याकडे वळू. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य लावले गेले आणि महिना संपण्यापूर्वीच निर्यात पूर्ण बंद झाली. मार्च २०२० मध्ये ती खुली झाली. जून २०२० मध्ये केंद्राने अध्यादेश काढून कांद्यासह अनेक शेतमाल जीवनावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या नियंत्रणातून बाहेर काढले आणि बाजार मुक्त झाल्याचे सांगितले. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १४ सप्टेंबरला, निर्यातबंदी पुन्हा आली. १ जानेवारी २०२१ पासून ती उठली. शंभर वर्षांहून अधिक काळातला सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ मध्ये गेला आणि त्याच महिन्यात ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस ८०० डॉलरचे किमान मूल्य आले आणि ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी. ही बंदी ३१ मार्चपर्यंतच आहे असे अधिसूचनेत लिहिलेले होते; ती तारीख जवळ आल्यावर मुदत वाढवली गेली. ४ मे २०२४ रोजी ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह निर्यात खुली झाली, सप्टेंबरमध्ये किमान मूल्य हटून शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. साडेपाच वर्षांतल्या या निर्णयांत एकही असा नव्हता, की ज्याचा अंदाज लागवड करताना शेतकऱ्याला किंवा करार करताना निर्यातदाराला बांधता आला असता.

या धरसोडीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी येताच लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले आणि काही आठवड्यांतच भाव जवळपास निम्म्यावर आले. दुसरी किंमत दूरची आहे, तिचा आवाज होत नाही, पण ती जास्त काळ टिकते. २०१९च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या उद्योजकांच्या सभेत जाहीरपणे सुचवले की, अशी पावले उचलण्यापूर्वी थोडी पूर्वसूचना मिळाली तर बरे होईल. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा सर्वांत मोठा ग्राहक होता. त्या काळात तिथल्या व्यापाऱ्यांनी म्यानमार, पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान आणि चीन इथून माल आणला, तिथल्या सरकारने स्वतःच्या शेतकऱ्यांचे उत्पादन वाढवण्यावर भर दिला, आणि पुढे तिथल्या हंगामात भारतीय कांद्याचे आयात परवाने रोखून त्यांना संरक्षणही दिले. भारताची निर्यात २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन होती, ती २०२३-२४ मध्ये सुमारे १७ लाख टनांवर आली. हे आठ लाख टन बंदी उठल्यावर आपोआप परत येतील असे मानणे भाबडेपणाचे आहे. मधल्या काळात कुणीतरी ती जागा घेतलेली असते आणि त्यानेही तिथे गुंतवणूक केलेली असते.

एवढ्या लहान अवधीच्या बंदीने बाजार कायमचा हलतो का, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. १९७३च्या उन्हाळ्यात निक्सन सरकारने देशातले भाव आवरण्यासाठी सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. ती काही महिनेही टिकली नाही. पण आपल्या गरजेचे बहुतांश सोयाबीन अमेरिकेकडून घेणाऱ्या जपानने त्यातून कायमचा धडा घेतला. त्याच दशकात जपानने ब्राझीलच्या सेराडो या ओसाड मानल्या गेलेल्या पठारी प्रदेशात शेती उभारण्यासाठी भांडवल आणि तंत्रज्ञान पुरवायला सुरुवात केली. ब्राझीलच्या 'एम्ब्रापा' या कृषिसंशोधन संस्थेचे काम त्याला पूरक ठरले. बंदी हे ब्राझीलच्या यशाचे एकमेव कारण होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण पर्यायी पुरवठादार उभा करण्याची निकड त्या बंदीनेच निर्माण केली. आज जगात सर्वाधिक सोयाबीन ब्राझील निर्यात करतो. अमेरिकेसारख्या श्रीमंत, बंदरे-रेल्वे-बँका यांनी सज्ज देशाला एका उन्हाळ्याची चूक एवढी महाग पडते, तर जिथे प्रत्येक निर्यातदार मुळातच अविश्वासाच्या ओझ्याखाली बाजारात उतरतो, त्या देशांना ती किती महाग पडत असेल? २००७-०८ मध्ये भारताने आणि व्हिएतनामने तांदळाच्या निर्यातीवर बंधने घातली तेव्हा जागतिक भाव काही महिन्यांत जवळपास तिप्पट झाले आणि फिलिपाइन्ससारख्या आयातदार देशांनी बाजारावर विसंबायचे नाही असा निष्कर्ष काढला.

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप गरीब ग्राहकाच्या बाजूने येतो. भाकरीबरोबर कांद्याशिवाय दुसरे काही परवडत नाही अशा घरांना शंभर रुपये किलोचा कांदा म्हणजे खरोखरीची झळ आहे, आणि निवडून आलेले सरकार त्याकडे डोळेझाक करू शकत नाही. १९९८ मध्ये दिल्लीची सत्ता गमावण्यात कांद्याचा वाटा होता, हे कोणताही पक्ष विसरलेला नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. प्रश्न एवढाच आहे की, गरिबाला दिलासा देण्याचा खर्च कुणी उचलायचा. निर्यातबंदीने भाव उतरतात, यात वाद नाही. पण तो दिलासा गरीब कुटुंबाला जेवढा मिळतो तेवढाच हॉटेलमालकाला आणि उच्चमध्यमवर्गालाही मिळतो, आणि त्याचे संपूर्ण बिल एका जिल्ह्यातल्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यावर फाडले जाते. ग्राहक निर्देशांकात कांद्याचा भार एक टक्क्याहूनही कमी आहे; कांदा उत्पादकाच्या घरात मात्र वर्षाची सगळी मिळकत त्याच्यावर असते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. त्या रुपयातले उरलेले ६४ पैसे ज्या साखळीत वाटले जातात, तिच्याकडे न पाहता पहिल्या ३६ पैशांवरच घाला घालणे याला ग्राहकहित म्हणता येत नाही. गरिबाचे रक्षण हे समाजाचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हायला हवा. केंद्राने २०२३ मध्ये पाच लाख टनांचा राखीव साठा ठेवण्याचे ठरवले आणि सवलतीच्या दराने कांदा विकलाही, म्हणजे हा मार्ग अशक्य नाही.

दुसरा आक्षेप तुलनेवरच आहे: द्राक्ष ही चैन, कांदा ही गरज, दोघांना एक न्याय कसा लावायचा? फरक खरा आहे, आणि म्हणूनच कांद्याच्या निर्यातीवर कसलेही बंधन कधीच नको, असे मी म्हणत नाही. द्राक्षाकडून घ्यायचा धडा मुक्त व्यापाराचा नाहीच, उलट नियमांचा आहे. जगातल्या सर्वांत कडक नियमांखाली द्राक्ष विकले जाते. ते नियम लेखी आहेत, सर्वांना सारखे आहेत आणि हंगामापूर्वी ठाऊक असतात. कांद्याच्या बाबतीत नियमाची जागा मर्जीने घेतली आहे. याच तुलनेतून द्राक्ष-व्यवस्थेचा एक दोषही दिसतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही. जी कसून तपासणी हॅम्बुर्ग किंवा लंडनच्या ग्राहकासाठी होते, ती नाशिक किंवा नागपूरच्या ग्राहकासाठी होत नाही. निर्यातीसाठी घडवलेली शिस्त देशांतर्गत बाजारात आणली नाही, तर निर्यातीचा विकासाशी असलेला संबंध अर्धाच राहतो.

तिसरा आक्षेप प्रेबिशच्या वारसांचा आहे. कच्चा माल विकत राहण्यापेक्षा त्याची निर्यात रोखून देशातच प्रक्रिया करावी, असे ते म्हणतील आणि इंडोनेशियाचे उदाहरण देतील. इंडोनेशियाने २०१४ मध्ये निकेलच्या अशुद्ध धातूची निर्यात रोखली, मध्ये थोडी सैल केली आणि २०२० पासून पुन्हा बंद केली. परिणामी तिथे धातुशुद्धीचे प्रचंड कारखाने उभे राहिले. पण या उदाहरणाचा तपशील माझ्याच बाजूने बोलतो. त्या बंदीचा पाया २००९च्या खाण कायद्यात घातला होता, गुंतवणूकदारांना वर्षानुवर्षांची पूर्वसूचना होती आणि उद्देश उद्योग उभारण्याचा होता. निकेल जमिनीत पडून राहिले तर नासत नाही. चाळीतल्या उन्हाळ कांद्याला मात्र मोड येतात, तो सडतो, वजनात घटतो. आपली बंदी कुठलाही कारखाना डोळ्यांपुढे ठेवून आलेली नसते. प्रक्रिया हवी असेल, तर कांदा सुकवणारे गुजरातेतल्या महुव्याचे कारखाने आहेत, जळगावातही हा उद्योग रुजला आहे. पण अशा कारखान्यालाही परदेशी गिऱ्हाईक आणि स्थिर धोरण लागतेच. लासलगावचा अनुभव याबाबत बोलका आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये तिथे 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले ते कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. त्याचे नाव झाले ते आंब्यामुळे, कारण २००७ मध्ये अमेरिकेने विकिरणाची अट घालून भारतीय आंब्याला दार उघडले आणि अट काय आहे हे सगळ्यांना स्पष्ट होते. नियम पक्का असला की यंत्राला काम मिळते.

या प्रश्नाच्या मुळाशी शेतकऱ्याकडे पाहण्याची जुनी दृष्टी आहे. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी नेते शरद जोशी सांगत राहिले की, या देशातल्या शेतीला मिळणारी सबसिडी प्रत्यक्षात उणे आहे. त्यांच्या विरोधकांना ती चळवळीची भाषा वाटत असे. ओईसीडी आणि इक्रियर या संस्थांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके तेच आकड्यांत उतरले: २०००-०१ ते २०१६-१७ या काळात, खते-वीज-पाण्याची अनुदाने धरूनही, भारतीय शेतकऱ्यांना मिळालेला एकूण आधार त्यांच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के होता. निर्यातबंधने आणि बाजारावरची नियंत्रणे हे त्याचे मोठे कारण. आंतरराष्ट्रीय नियम आपल्याला भाग पाडतील, अशीही आशा नाही. जागतिक व्यापाराचे नियम अन्नटंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालू देतात, आणि पूर्वसूचनेचे जे बंधन कृषिकरारात आहे ते ढिले आहे. म्हणजे शिस्त बाहेरून येणार नाही. ती आपणच स्वतःला लावून घ्यावी लागेल.

ती कशी लावायची, हे अवघड गणित नाही. लागवडीपूर्वी सरकारने भावाचे टप्पे जाहीर करावेत: घाऊक भाव अमुक पातळीच्या वर इतके दिवस राहिला तर अमुक टक्के निर्यात शुल्क लागेल, आणि तो खाली आला की ते आपोआप जाईल. संपूर्ण बंदी आणि किमान निर्यात मूल्य ही हत्यारे कायद्यानेच बाजूला ठेवावीत, कारण शुल्क भरून का होईना माल जात राहिला तर गिऱ्हाईक तुटत नाही. झालेले करार आणि बंदरात पोहोचलेला माल यांना कोणताही नवा आदेश लागू होऊ नये. शुल्कातून येणारा पैसा चाळी, शीतसाखळी आणि प्रयोगशाळा यांसाठी उत्पादक जिल्ह्यांतच खर्च व्हावा. राखीव साठा कधी घेणार आणि कोणत्या भावाला बाजारात सोडणार, हेही आधी सांगावे. नाहीतर हा साठाच उत्पादकाच्या डोक्यावरची टांगती तलवार बनतो. नियमाने हात बांधले तर आणीबाणीत काय करायचे, असे विचारले जाईल. रिझर्व्ह बँकेला महागाईचे उद्दिष्ट २०१६ मध्ये कायद्याने ठरवून दिले, तेव्हाही हीच भीती व्यक्त झाली होती. करोनाच्या काळात महागाईने मर्यादा ओलांडली तरी बँकेला व्याजदर कमी ठेवता आले, आणि २०२२ मध्ये उद्दिष्ट चुकले तेव्हा तिला सरकारला लेखी उत्तर द्यावे लागले. चौकट आखल्याने संकटातली कृती थांबली नाही. त्या कृतीचा जाब विचारण्याची सोय झाली.

द्राक्ष बागायतदारांनी तीस वर्षे खपून, दोनदा तोटा सोसून, पेटीवरच्या भारताच्या नावाला किंमत मिळवून दिली. कांदा उत्पादकाची मेहनत तसूभरही कमी नव्हती. त्याने कमावलेले नाव दर दोन वर्षांनी एका अधिसूचनेने पुसले गेले. निर्यातीतून विकास साधायचा असेल, तर आपला शब्द पाळणे हीच पहिली पायाभूत सोय आहे आणि ती उभारायला परकीय भांडवल लागत नाही. म्हणून मागणी एकच आहे: पुढच्या उन्हाळ कांद्याची रोपे शेतात जाण्यापूर्वी केंद्र सरकारने निर्यातीचा नियम लेखी जाहीर करावा आणि भाव कुठेही गेले तरी तो हंगामभर मोडू नये. महाराष्ट्रातल्या सर्व पक्षांच्या खासदारांनी कर्जमाफीच्या आश्वासनांपूर्वी हा एक नियम मागून घ्यावा, आणि मतदारांनी त्यांना त्याबद्दलच जाब विचारावा.